पॅनेल फुटलं तर हौदात काय जाईल?

मागच्या महिन्यात बेळगावात आमच्या वडगावच्या घरी सोलरवाला पोरगा येऊन गेला. गच्चीवर चढला, टेप लावून मापं घेतली, टाकीची सावली कुठं पडते ते बघितलं आणि खाली येऊन चहा पीत पीत मोबाईलवर हिशोब मांडला, तीन किलोवॅट, सूर्यघर योजनेची ७८ हजार सबसिडी, २५ वर्षं वॉरंटी, बिल जवळपास शून्य. अर्धं कन्नडमध्ये, अर्धं मराठीत, आमच्याकडं सगळे व्यवहार असेच होतात. मी मान हलवत होतो. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून लसूण सोलत ऐकत होती, तिनं एकदम विचारलं, "ते फुटलं तर त्यातलं काय पाण्यात उतरतंय काय रे?"

पोरगा हसला. "काय नाही आंटी, काचच असतंय की ते."

आईच्या प्रश्नाला कारण आहे. आमच्या गच्चीचं पावसाचं पाणी पाईपनं मागच्या हौदात येतं, आणि दोन वर्षांपूर्वी इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला आलेल्या एकानं जुनी बॅटरी हलकी करायची म्हणून तिच्यातलं ॲसिड सरळ मागच्या गटारीत ओतलं होतं. गटारीच्या कडेचा कढीपत्ता आठ दिवसांत वाळला. आईचा पंधरा वर्षांचा कढीपत्ता, अख्खी गल्ली त्याची पानं न्यायची. तेव्हापासून घरात विजेचं काहीही नवीन आलं की तिचा पहिला प्रश्न "त्यात काय असतंय?" हाच असतो. खरं सांगायचं तर मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, पोरांना फिजिक्स शिकवतो, पण सोलरबद्दल इतका नेमका प्रश्न आजवर एकाही पोरानं विचारलेला नाही. सगळे किती टक्के आणि किती रुपये एवढंच विचारतात.

तर पोरग्याचं उत्तर बऱ्यापैकी बरोबर होतं. आपल्या गच्च्यांवर जे निळे-काळे पॅनेल दिसतात ते सिलिकॉनचे. वर काच, कडेला ॲल्युमिनियमची फ्रेम, मधे सिलिकॉनच्या पातळ चकत्या, त्यांच्यावर ज्या बारीक रेघा दिसतात त्या चांदीच्या पेस्टच्या, आणि पट्ट्या जोडायला डाग दिलेला असतो त्यात थोडं शिसं. सिलिकॉन म्हणजे शेवटी वाळूचाच भाऊ, त्याची भीती नाही. शिसं किती, तर त्या डागापुरतं. आमच्या जिन्याखाली जी इन्व्हर्टरची बॅटरी बसलीय ती दोन माणसांनी उचलावी लागते आणि तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसंच आहे, त्याच्यापुढं पॅनेलमधलं शिसं म्हणजे काहीच नाही. एवढं आईला सांगितलं. तिला पटलं की नाही माहीत नाही, कारण ती म्हणाली, "बॅटरी पण काय करत नाही म्हणूनच सांगितलेलं."

पण तिच्या प्रश्नानं माझ्या डोक्यातला जुना किडा जागा झाला. कारण मी एमएस्सीनंतर दोन वर्षं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात याच भानगडीत घालवलीत. विषारी नसलेल्या धातूंचे नॅनोकण बनवायचे आणि त्यांच्यापासून हायब्रिड सोलर सेल करायचा. बेळगाव-निपाणी-चिक्कोडीकडची मराठी पोरं शिकायला कोल्हापूरला जातात हे काय नवीन नाही, निपाणीच्या पुढं कागल आलं की झालं. आणि तिथल्या फिजिक्स डिपार्टमेंटला पातळ फिल्मची जुनी परंपरा आहे, काचेवर रसायनातनं थर बसवायच्या साध्या पद्धतींवर लोखंडे सरांसारख्यांनी तिथं आयुष्यभर काम केलंय. महागडी व्हॅक्यूमची मशीन नको, बीकर, काच, पाणी आणि धीर पाहिजे बस.

आता हे हायब्रिड सोलर सेल म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरनं जाईल. सिलिकॉन बनवायला आग लागते आग. वाळू कोळशाबरोबर भट्टीत जाळायची, मग शुद्ध करायची, मग १४१४ डिग्रीला वितळवून त्यातनं एकसंध स्फटिक ओढून काढायचा. आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत बीड वितळतं त्याच्यापेक्षा पण वरची गोष्ट. मग लोकांनी विचार केला, की सोलर सेल शाईसारखा ओतता किंवा छापता आला तर? प्लॅस्टिकच्या जातीचे काही पॉलिमर असतात ज्यांच्यातनं वीज जाते, ते विरघळवून काचेवर ओतता येतात, पण एकट्यानं त्यांचं जमत नाही. प्रकाश पडला की पॉलिमरमध्ये धन आणि ऋण भाराची जोडी तयार होते, एक्झिटॉन म्हणतात तिला, आणि ही जोडी साधारण दहा नॅनोमीटर चालली की दमते आणि विझते. दहा नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. म्हणजे भाताच्या खाचरात पाणी सोडलं आणि पाट दूर असला तर ते वाटेतच जमिनीत मुरतं, तसं. मग उपाय काय, तर पाट जवळ आणायचे, दर दहा पावलांवर एक. पॉलिमरमध्ये अजैविक पदार्थाचे बारीक बारीक कण असे मिसळायचे की जोडी कुठंही तयार झाली तरी शेजारी कण असेलच, तिथं जोडी फुटते, इलेक्ट्रॉन कणाच्या वाटेनं जातो आणि दुसरा भार पॉलिमरच्या वाटेनं. नुसतं भडंगासारखं मिसळून पण चालत नाही, कण एकमेकांना लागून पार टोकापर्यंत गेले पाहिजेत, नाहीतर पाट मधेच संपला आणि पाणी तिथंच तुंबलं. हेच ते हायब्रिड.

२००२ ला अमेरिकेत बर्कलीच्या अलिविसाटोसच्या गटानं कॅडमियम सेलेनाइडच्या नॅनोकाड्या पॉलिमरमध्ये मिसळून १.७ टक्के मिळवले होते, म्हणजे शंभर भाग ऊन पडलं तर त्यातल्या १.७ भागाचीच वीज झाली. आज हसू येतं, पण तेव्हा ती मोठी बातमी होती. कण एवढे लहान केले की त्यांचा रंगसुद्धा बदलतो, पदार्थ तोच, कण लहान केला की लालचा हिरवा होतो आणि हिरव्याचा निळा, म्हणजे कोणता प्रकाश प्यायचा ते आपण ठरवू शकतो. ह्याच कणांना २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह या तिघांना.

पण घोडं इथंच पेंड खातं. सगळ्यात चांगले चालणारे कण कशाचे, तर कॅडमियमचे आणि शिशाचे. शिशाचं सल्फाइड म्हणजे गॅलेना, पूर्वी लोक सुरमा म्हणून डोळ्यात घालायचे तेच. आणि सोलर सेलसाठी आता ज्या नव्या पदार्थाची हवा आहे ते पेरोव्स्काइट, त्यात पण शिसं. चौरस मीटरला ग्रॅमभर सुद्धा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, बॅटरीच्या मानानं नखाएवढं. पण बॅटरीतलं शिसं डब्यात बंद असतं आणि भंगारवाला पैसे देऊन घेऊन जातो, पेरोव्स्काइटमधलं शिसं पाण्यात उतरणाऱ्या रूपात असतं. आणि पाणी म्हणजे आमच्याकडचं पाणी. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडं जून-जुलैला चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, कौलं उडून जातात, तिथं तडा गेलेलं पॅनेल पावसात पडून राहिलं तर ते पाणी कुठं जाणार? मलप्रभा कणकुंबीलाच उगवते. तिथनं खानापूर, तिथनं पुढं सौंदत्तीचं धरण. वाटेतली सगळी गावं तेच पाणी पितात. म्हणून आईचा प्रश्न मला अडाणी वाटत नाही, उलट युरोपातल्या कायद्याचा तोच प्रश्न आहे. तिथं विजेच्या वस्तूंमध्ये शिसं ०.१ टक्क्याच्या आणि कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या वर चालत नाही, गंमत म्हणजे कायमच्या बसवलेल्या सोलर पॅनेलांना त्यातनं सूट आहे! आपल्याकडं २०२२ च्या ई-कचरा नियमात सोलर पॅनेल आले खरे, पण गल्लीतल्या भंगारवाल्यापर्यंत नियम पोचायला किती वर्षं लागतात ते तुम्हाला माहीत आहेच.

तर आम्ही कोल्हापुरात बिस्मथ घेतलं होतं. आवर्तसारणीत शिशाच्या अगदी शेजारी बसतं, तितकंच जड, पण स्वभावानं एकदम गरीब, इतकं की पोटाच्या औषधात घालतात. बिस्मथ सल्फाइड लाल-तांबूस प्रकाश चांगला पितं. कागदावर सगळं मस्त होतं.

पहिल्याच दिवशी बिस्मथ नायट्रेट पाण्यात टाकलं आणि बीकरमध्ये दूध झालं. पांढरं गिच्च. मला वाटलं केमिकल खराब आलंय, दुसरी बाटली उघडली, परत दूध. मग सीनियर दादानं येऊन टपली मारली आणि सांगितलं की बिस्मथ नुसत्या पाण्यात असंच फाटतं, त्याला आधी धरून ठेवायला काहीतरी लागतं, ट्रायइथेनॉलअमाइन नाहीतर ॲसिड. मग ते घातलं, पाणी नितळ झालं, मग गंधकासाठी थायोॲसिटामाइड घातलं आणि काचा उभ्या सोडल्या. तासाभरात बीकर पिवळा, मग तांबूस, मग चॉकलेटी. वास सडक्या अंड्याचा. त्या दोन वर्षांत माझ्या शर्टांना जो वास बसला तो बेळगावच्या गाडीत शेजारच्या माणसाला पण यायचा, एकदा एका आजीनं सीट बदलली होती.

दुसरी पद्धत होती बुडवायची. काच बिस्मथच्या पाण्यात वीस सेकंद, मग साध्या पाण्यात, मग गंधकाच्या पाण्यात वीस सेकंद, मग परत साध्या पाण्यात. झाली एक फेरी. अशा पन्नास, साठ, ऐंशी फेऱ्या. दर फेरीला काही अणूंचा थर चढतो. मी वडगावचा, आजूबाजूला विणकर, लहानपणी सुताच्या लडी रंगात बुडवून, पिळून, परत बुडवताना बघत मोठा झालो, त्यामुळं मला हे काम कधी परकं वाटलंच नाही. गल्लीतल्या एका आजोबांना फोटो दाखवला होता तर ते म्हणाले, "मधलं धुणं नीट कर, रंग तिथंच बिघडतोय." आणि खरंच सांगतो, तिथंच बिघडत होतं. मी घाईत मधलं पाणी बदलत नव्हतो, त्यामुळं काचेवर थर न बसता भुकटी बसायची आणि सुकली की कडेनं पापुद्रा सुटायचा, उन्हात वाळलेल्या चिखलासारखा. महिनाभर गाईडच्या शिव्या खाऊन जे कळलं नाही ते आजोबांनी एका वाक्यात सांगितलं.

आणि आता कबुली. आम्ही प्रबंधात पहिल्या पानावर पर्यावरणपूरक, बिनविषारी असं सगळं लिहिलं होतं. पण काचा धुवायचो कशानं, तर उकळत्या क्रोमिक ॲसिडनं, त्यातलं क्रोमियम शिशाच्या तोंडात मारेल असं विषारी. थायोॲसिटामाइड कॅन्सरच्या संशयितांच्या यादीत. पॉलिमर विरघळवायला क्लोरोबेंझिन. हे सगळं धुऊन कुठं जात होतं ते मी तेव्हा विचारलं नाही, आणि सिंकच्या पाईपकडं बघितलं पण नाही. फक्त सेलमध्ये कोणता धातू आहे एवढ्यावर हिरवा रंग द्यायचा आणि बाकीचं गटारीत, म्हणजे माझ्यात आणि त्या बॅटरीवाल्यात फरक काय होता? तो निदान हिरवा म्हणवून घेत नव्हता. या विषयातले पेपर वाचताना मी आता पहिल्यांदा कोणतं सॉल्व्हंट वापरलं ते बघतो, टक्के नंतर.

टक्क्यांचं विचाराल तर आमचा सगळ्यात चांगला सेल ०.०३ टक्के. हो, शून्य पॉइंट शून्य तीन. बाहेर बिस्मथ सल्फाइड आणि पॉलिमरवाल्यांचं पण एक टक्क्याच्या आसपासच घुटमळत होतं त्यामुळं फार लाज नाही वाटली, पण पुढं फेलोशिप संपली, घरची अडचण, मी परत आलो आणि शिकवायला लागलो.

मग २०१६ ला बार्सिलोनाच्या कॉन्स्टंटाटोसच्या गटानं बिस्मथलाच हाताशी धरून कमाल केली. त्यांनी बिस्मथ सल्फाइडमध्ये चांदी घातली, सिल्व्हर बिस्मथ सल्फाइडचे नॅनोकण, बनवायला शंभर डिग्रीच्या आसपास उष्णता, ३५ नॅनोमीटरचा थर आणि ६.३ टक्के. माझ्या ०.०३ पुढं ६.३! मला अजून आठवतं, स्टाफरूममध्ये मोबाईलवर ते वाचलं आणि पुढच्या तासाला पोरांना आरशाचं सूत्र चुकीचं शिकवून आलो. त्यात पॉलिमर पण होता, कणांच्या थरावर पातळ थर, धन भार बाहेर न्यायला, म्हणजे हायब्रिडच, फक्त भडंगाच्या ऐवजी थरावर थर.

हे कण बनतात तेव्हा त्यांच्याभोवती ओलिक ॲसिडचं कवच असतं, आपल्या शेंगतेलात असतं तेच. ते असतं म्हणून कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि शाई टिकते. पण काचेवर ओतल्यावर तेच तेल आड येतं, वीज एका कणातनं दुसऱ्यात उडी मारू शकत नाही. मग दिवाळीच्या अंघोळीला तेल लावल्यावर उटण्यानं काढतो तसं दुसऱ्या छोट्या रेणूनं ते तेल काढायचं आणि कण जवळ आणायचे. सगळं कसब इथं आहे. कमी काढलं तर वीज जात नाही, जास्त काढलं तर फिल्मला भेगा पडतात.

२०२२ ला त्याच गटानं ९ टक्क्यांच्या वर नेलं आणि थर उलट पातळ केला, ३० नॅनोमीटर. कसं केलं ते मला फार आवडतं. त्या स्फटिकात चांदी आणि बिस्मथ बसायच्या जागा एकसारख्याच असतात, पण ते आपापले घोळके करून बसतात, चांदीवाले एकीकडं, बिस्मथवाले एकीकडं. साधारण ११५ डिग्रीला मंद तापवलं की ते घोळके मोडून सगळे एकमेकांत सरमिसळ बसतात आणि प्रकाश पिण्याची ताकद एकदम वाढते. आमच्या गल्लीसारखं, एक घर मराठी, एक घर कन्नड, मधे एक तेलुगू विणकर, मोर्चे आणि बोर्डांची भांडणं बाहेरच्या रस्त्यावर, आत सगळ्यांचा गणपती एकच. उलट तांबं-जस्त-कथिलवाला जो दुसरा स्वस्त पदार्थ आहे, त्यात तांबं आणि जस्त एकमेकांच्या जागेवर जाऊन बसतात आणि तिथं तीच सरमिसळ सेलची वाट लावते. म्हणजे नियम असा काही नाही.

चांदीचं नाव घेतलं की लोक दचकतात म्हणून मी हिशोब करून बघितला. ३० नॅनोमीटरचा थर एक चौरस मीटरवर पसरला तर सगळा पदार्थ मिळून साधारण ०.२ ग्रॅम होतो, त्यातली चांदी वजनानं २८ टक्के, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या आसपास. सोनाराच्या भाषेत अर्धी गुंज. एका गच्चीएवढ्या जागेला अर्धी-अर्धी गुंज करत गेलं तरी लहान बाळाच्या वाळ्यात जाते त्याच्यापेक्षा कमी चांदी लागेल. सिलिकॉनची चकती त्या थराच्या पाच हजार पट जाड असते. अर्थात पुढच्या काचेवर जो पारदर्शक वाहक थर लागतो त्यात इंडियम असतं आणि ते दुर्मिळ आहे, मोबाईलच्या स्क्रीनवाल्यांशी त्याच्यासाठी भांडण, हे पण सांगायला पाहिजे. आणि ९ टक्के हा आकडा नखाएवढ्या सेलचा आहे, गच्चीवरच्या पॅनेलचा नाही. गच्चीवरचं सिलिकॉन आज २० च्या वर देतं आणि पंचवीस वर्षं देतं. त्यामुळं कोण येऊन तुम्हाला नॅनो सोलर पेंट विकायला लागला तर चहा पाजून परत पाठवा.

परवा रविवारी पॅनेलची जागा करायची म्हणून माळ्यावरचं सामान काढलं, त्यात माझा कोल्हापूरचा पार्लेच्या बिस्किटाचा पत्र्याचा डबा मिळाला. आत टिश्यूत गुंडाळलेल्या काचा. बऱ्याचशा सोललेल्या, पण एक चांगली होती, अजून तशीच चॉकलेटी, कोपऱ्यात मार्करनं लिहिलेलं ६० फेऱ्या. खिडकीत धरली तर फरशीवर काळ्या चहासारखी तांबूस सावली पडली. आई बघत उभी होती.

"हे काय?"

"माझं कोल्हापूरचं काम. ह्यात विषारी काय नाही बघ. हौदात पडलं तरी चालतंय."

तिनं काच हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, नखानं कडेला जरा खरवडलं. थर निघाला. नखाकडं बघून म्हणाली, "ह्याच्यावर बल्ब लागतोय काय?"

"नाही."

"मग त्या पोराला फोन कर की, किती दिवस थांबवायचं त्याला. आणि हौदाचा पाईप आधी दुसरीकडं फिरवून घे म्हणावं."

पोरगा बुधवारी येतोय. पाईपचे साडेआठशे वेगळे सांगितलेत.